चाळिसात एक

दांडिया बाजारात माझं दुकान आहे,
कानाच्या यंत्रांचं. जिना चढून वर, डावीकडे.
येणारे बहुतेक मुलांनी ओढून आणलेले असतात.
ताम्हाणे एकटे आले,
बुटाच्या खोक्यात इंजिन घेऊन.

मला वाटलं, चुकून आले.
“बारके स्पीकर तुमच्याकडे असतात ना?”
खोकं उघडलं.
काळं, वीतभर, जस्ताच्या ओतकामाचं,
मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेलं,
म्हणजे एकोणपन्नास वर्षांचं.
चाकांना ताजं तेल, धुराड्याला पॉलिश.
“धावतं अजून. पण मुक्यानं धावतं.”

तयार चिप लावून पाहिली होती त्यांनी.
“शिटी ऐकलीत? परकी आहे.
आपल्या म्हशी या शिटीला हलणार नाहीत.”
मग खिशातून कॅसेट निघाली:
डभोईचा फलाट, पंच्याऐंशी साल, छोटी गाडी,
भावानं सासरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली.

तीन रविवार गेले.
टेंडरच्या पोटातलं शिसं कापून काढलं,
तिथे नखाएवढा स्पीकर.
त्याची पाठ बंद नसली की खर्ज गळून जातो,
म्हणून कानाचा साचा घ्यायचा गुलाबी लगदा
मळला आणि कडेकडेने लिंपला.
आवाज अंगानं भरला एकदम.
चाकाला तिळाएवढी चार चुंबकं,
एका फेऱ्याला चार भक्,
एकही उसना नाही.

शिटी आली. भकभक आली.
मागून एक चहावालाही आला,
त्याला ताम्हाण्यांनी काढू दिलं नाही.
“पण वाफ कुठाय?
गाडी उभी असताना सुटते ती?”

आहे, म्हटलं.

“नाही.”

मी ऐकत होते.
इस्त्रीखालच्या ओल्या रुमालासारखी, बारीक, स्वच्छ.
दुकानभर वाफ होती
आणि ते वाफेत उभे राहून
वाफ शोधत होते.

तेव्हा त्यांना काचेच्या खोलीत बसवलं.
ऐकू आलं की बोट वर करा.
बोट वर येत राहिलं,
मग जरा उशिरा येऊ लागलं,
मग मांडीवरच राहिलं.

तक्ता समोर ठेवला.
अशा वेळी सांगायची वाक्यं मला पाठ आहेत,
तरी जुळवत होते,
तोवर त्यांनीच रेघेवरून नख फिरवलं:
“इथवर सपाटी. इथून उतार.
चाळिसात एक असेल.
इथे ब्रेक धरायला हवा होता कुणीतरी.”
प्रतापनगरच्या कचेरीत तीस वर्षं
रुळांचे नकाशे काढलेला माणूस.

यंत्र घ्या, म्हटलं.
“बघू. आधी याचं होऊ दे.”

त्या रात्री मी वाफ खाली उतरवली.
दोन सप्तकं, हळूहळू,
त्यांच्या सपाटीवर येईपर्यंत.
ती वाफ उरली नाही मग;
ओल्या अंगणात कुणी खराटा मारतंय,
असं काहीतरी.
माझ्या शिक्षकांना ऐकवायची मला लाज वाटली असती.

रविवारी नात आली सोबत, उर्वा.
इंजिन टेबलाला वळसा घालून आलं, थांबलं,
आणि खरखरलं.
“आजोबा, हे कचऱ्याच्या गाडीसारखं वाजतंय!”

ताम्हाणे वाकले. कान टेंडरपाशी नेला.
काही बोलले नाहीत.
फक्त एक पाऊल मागे सरकले,
फलाटावर इंजिनालगतचा माणूस सरकतो तसे,
पायजमा भिजू नये म्हणून.

मूळ वाफ माझ्या संगणकात आहे,
त्यांच्या नावाखाली, तक्त्याशेजारी.
यंत्र न्यायला आले की पुन्हा वर चढवून देईन,
असं सांगितलंय.
दिवाळी होऊन गेली.
अजून आले नाहीत.